चौदा आणे

“दादा, नाक मुरडू नकोस. ते झाड कायदेशीर आहे!”

बहिणीच्या परसात चहाचा पेला हातात घेऊन मी उभा होतो, आणि कुंपणापलीकडून एक उग्र, राळेसारखा वास येत होता. गाव गुएल्फ, कॅनडातल्या टोरांटोच्या पश्चिमेला, मोटारीने तासा-सव्वा तासावर. साल २०२४, महिना सप्टेंबर. बहिणीला दुसरा मुलगा झाला म्हणून कॉलेजातून बिनपगारी रजा काढून मी तिकडे गेलो होतो. वास मात्र ओळखीचा निघाला. लहानपणी गावच्या जत्रेत बैरागी चिलीम पेटवून बसत, त्यांच्या बाजूने वारा आला की आई आमची नाके पदराने झाकी. तोच हा!

मी कुंपणावरून वाकून पाहिले. टोमॅटोची रोपे, भोपळ्याचा वेल, आणि त्यांच्या शेजारी पुरुषभर उंचीची चार झाडे. पंजासारखी कातरलेली पाने, शेंड्याशेंड्याला भरगच्च तुरे. गांजाची झाडे, आणि तीही अशी राजरोस!

खरे सांगतो, मी पेल्यासकट दोन पावले मागे सरलो. आपल्याकडे १९८५ सालच्या अमली पदार्थांच्या कायद्याप्रमाणे हे झाड लावणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ रोजी नवा कायदा अमलात आला आणि एका घरी चार झाडे लावण्याची मोकळीक मिळाली. घरात माणसे कितीही असोत, झाडे चारच. तिथेही सगळीकडे एकच रीत नाही. क्वेबेक प्रांताने घरच्या लागवडीला बंदी घातली, आणि २०२३ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी योग्य ठरवली. गुएल्फ ज्या ऑन्टॅरिओ प्रांतात आहे तिथे मात्र हे चालते.

“आणि लावली आहेत कोणी, ठाऊक आहे?” बहीण म्हणाली, “सत्तरी उलटलेल्या आजोबांनी. आजींसाठी.”

उसने डोळे

आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले. आजींना मज्जातंतूंचा जुनाट विकार; पाय लाकडासारखे ताठ होतात, रात्री वेदनांनी झोप लागत नाही. चाकांच्या खुर्चीवरून त्या घरभर फिरतात. या विकाराच्या वेदनांसाठी याच वनस्पतीच्या अर्काचा, तोंडात मारायचा एक फवारा कॅनडात २००५ सालीच मंजूर झालेला आहे. आजींच्या डॉक्टरांना सर्व ठाऊक होते. चार झाडांचे जे काही निघे, ते आजोबा भट्टीत तापवून, लोण्यात मुरवून ठेवीत आणि वर्षभर पुरवीत. आपल्याकडे कडुलिंबाची गोळी द्यावी, इतक्या शांतपणे हे चाले.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी मला कुंपणापाशी बोलावले. त्यांच्या हातात एक भिंग होते. घड्याळजी डोळ्याला लावतात तसले, पण त्याहून पुष्कळ मोठे करून दाखवणारे.

“तुमचे डोळे कसे आहेत?” त्यांनी विचारले.

“चाळिशी लागली आहे. चष्म्याने ठीक दिसते.”

“मग माझे एक काम करा. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. शस्त्रक्रिया नोव्हेंबरात. झाडे काही नोव्हेंबरापर्यंत थांबणार नाहीत.”

काम ऐकायला सोपे होते. तुरे केव्हा कापायचे ते ठरवण्यासाठी त्यांच्याकडे पाहायचे आणि जे दिसेल ते सांगायचे.

गेल्या दोन वर्षांची कहाणी त्यांनी सांगितली. पहिल्या वर्षी पावसाच्या भीतीने त्यांनी झाडे लवकर कापली. आजींना त्याचा गुण आला नाही, उलट छातीत धडधड होई. पुढच्या वर्षी त्यांनी कॅलेंडरवर भरवसा ठेवला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी तिकडे सुगीचा सण असतो, त्या दिवशी कापायचे ठरवले. कापले तेव्हा सर्वांत मोठ्या तुऱ्यांच्या पोटात करडी बुरशी निघाली. निम्मा माल फेकावा लागला. जो उरला तो इतका जून की आजींना सकाळी अकरापर्यंत गुंगी राही. “त्या वर्षी ती माझ्यावर रागावली नाही,” आजोबा म्हणाले, “म्हणून मला जास्त वाईट वाटले.”

तीन खुणा

या झाडाला बारमाही फुले नसतात. मे अखेरीस थंडी सरली की ते लावायचे. उन्हाळाभर ते नुसते वाढते. ऑगस्टात रात्री लांबू लागल्या की झाडाला त्याचा सुगावा लागतो आणि फुलोरा धरतो. पुढे साधारण दोन महिने तुरे भरत जातात, आणि नेमका त्याच वेळी तिकडे पाऊस, गारठा आणि हिम यांचा हंगाम जवळ येतो. एका बाजूने पिकणे आणि दुसऱ्या बाजूने नासणे, अशी ती शर्यत असते.

आजोबांनी मला तीन खुणा शिकवल्या. पहिली खूण केसांची. मादी फुलातून बारीक पांढरे केस बाहेर येतात; मक्याच्या कणसाच्या केसांचे हे धाकटे भाऊ समजा. फूल जुने होऊ लागले की ते तांबूस-तपकिरी होऊन आत वळतात. बहुतेक केस वळले की वेळ जवळ आली. पण ही खूण लबाड आहे. पावसाच्या माराने किंवा हात लागूनही केस तांबडे पडतात, आणि कधी पिकलेल्या तुऱ्यावरही नवे पांढरे केस फुटतात.

दुसरी खूण फुगण्याची. ज्या इवल्या आवरणातून केस निघतात ते आवरण आत बी नसतानाही बी असल्यासारखे टपोरे होते.

तिसरी खूण भिंगाची, आणि तीच खरी. तुऱ्यावर जी साखर पेरल्यासारखी चकाकी दिसते ती म्हणजे राळेचे सूक्ष्म मणी. प्रत्येक मणी एका नाजूक दांड्यावर उभा असतो. झाडाचा सारा गुण-अवगुण त्या मण्यांत. त्यातले मुख्य द्रव्य इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली वेगळे करून त्याची रचना ओळखली. हे मणी आधी काचेसारखे पारदर्शक असतात, मग दुधी होतात, आणि शेवटी मधाच्या रंगाचे. काचेचा मणी म्हणजे कच्चा. दुधी म्हणजे भरलेला. मधाळ म्हणजे उतरणीला लागलेला. त्यातले द्रव्य आता मोडू लागले.

“आणि पाहायचे ते फुलावरचे मणी,” आजोबांनी बजावले. “शेजारच्या बारक्या पानांवरचे लवकर पिवळे पडतात. पानावर विश्वासलात तर फसलात!”

मी भिंग डोळ्याला लावले. पहिली पाच मिनिटे मला हिरव्या धुक्यापलीकडे काही दिसेना. श्वास सोडला की तुरा हाले. तुरा थांबला की माझा हात कापे. आणि मग एकाएकी सारे स्पष्ट झाले. काचेच्या छत्र्यांचे एक रान डोळ्यांपुढे उभे राहिले.

“काय दिसते?” आजोबांनी विचारले.

त्या प्रश्नाने मला पस्तीस-छत्तीस वर्षे मागे नेले.

“खांदे वर आले का रे?”

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी घरामागे हापूसचे एक जुने झाड होते. आजोबा त्याचे राजे. आंबा केव्हा उतरवायचा हे त्यांच्याखेरीज कोणी ठरवत नसे. झाडावरचा पहिला पाड पडला की ते सावध होत. मग रोज सकाळी झाडाखाली उभे राहत. आंब्याचे खांदे देठाच्या वर चढले का, सालीचा गडद हिरवा रंग निवळला का, हे पाहत. एखादे फळ काढून पाण्याच्या बादलीत टाकीत. बुडाले तर भरले.

त्यांचा शब्द होता ‘चौदा आणे’. कोकणात आजही तो ऐकू येतो. रुपयाचे आणे सोळा. सोळा आणे पिकलेला आंबा झाडावर ठेवून चालत नाही. तो खाली पडून फुटतो, नाही तर पाखरे खातात, आणि अढीत तर तो टिकतच नाही. बारा आण्यांना काढला तर पिकण्याऐवजी सुरकुततो. चौदा आण्यांना देठासकट उतरवावा. उरलेले दोन आणे तो पेंढ्यात पिकतो.

मी दहा वर्षांचा असताना आजोबांची नजर अधू झाली. त्या वर्षी त्यांनी झेला माझ्या हाती दिला, मला फांदीवर चढवले आणि खालून विचारले, “खांदे वर आले का रे?”

खांदे आले नव्हते. पण दोन दिवसांनी आमची परतीची एस.टी. होती, आणि आंब्याची पेटी बरोबर नेऊन वाड्यातल्या मित्रांपुढे मिरवायची होती. मी म्हणालो, “आले, आजोबा. सगळ्यांचे आले.”

पेटी पुण्याला आली. आठ दिवसांनी पेंढा उकलला तेव्हा आंबे सुरकुतून गेलेले, रंगाने पिवळट आणि चवीने आंबट. आईने पत्रात सहज लिहिले की यंदाचा आंबा काही साधला नाही. आजोबांना सारे कळले असणार. ते मला कधी काही बोलले नाहीत. पुढच्या मे महिन्यात त्यांनी पुन्हा झेला माझ्याच हाती दिला आणि पुन्हा तेच विचारले. त्या दिवशी मी एकेक फळ दोनदा पाहिले.

गुएल्फच्या त्या परसात भिंग डोळ्याला लावून मी म्हणालो, “दहांतले चार काचेसारखे, सहा दुधी. मधाच्या रंगाचा एकही नाही.”

“मग थांबू या,” आजोबा म्हणाले.

पोद्दार

पुढचे तीन आठवडे रोज चहानंतर माझी कुंपणापलीकडे फेरी ठरली. बोलता बोलता मी आजोबांना आमच्याकडची जुनी हकिगत सांगितली. मराठीच्या प्राध्यापकाला गांजाबद्दल काय ठाऊक असणार, असे तुम्ही म्हणाल. पण आम्ही लोक जुने अहवाल चाळण्यात आयुष्य घालवतो!

ब्रिटिश सरकारने १८९३-९४ साली भांग, गांजा आणि चरस यांची चौकशी करण्यासाठी एक आयोग नेमला होता. अध्यक्ष मॅकवर्थ यंग. अकराशेवर साक्षीदार तपासून आयोगाने सात खंडांचा अहवाल लिहिला. माफक सेवनाने सहसा अपाय होत नाही, अतिरेक घातक असतो, तेव्हा सरसकट बंदीपेक्षा कर आणि परवाना बरा, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या काळी आपल्या नगर जिल्ह्यातही परवान्याने गांजा पिकत असे. पण त्याचे मोठे आगर म्हणजे बंगालमधले नौगाव, जे आज बांगलादेशात आहे. तिथे ‘पोद्दार’ नावाचे जाणकार असत. पपईत असते तशी या झाडातही नर आणि मादी वेगळी. नराचा पराग मादीला लागला की ती बी धरते आणि राळेकडे तिचे लक्ष राहत नाही. म्हणून फुले उमलण्याआधीच पोद्दार शेतभर फिरून नर झाडे ओळखी आणि उपटून टाकी. एक नर नजरेतून सुटला तर पीक बियांनी भरे. साऱ्या शेताची कमाई एका माणसाच्या डोळ्यांवर अवलंबून असे.

आजोबांना ही गोष्ट फार आवडली. त्या दिवसापासून ते मला ‘पोद्दार’ म्हणू लागले. आमचा भाचा शाळेतून आला की ओरडे, “मामा, तुला पोद्दार बोलावतात!” त्याला वाटे, ते शेजारच्या आजोबांचेच नाव आहे.

नवरात्र सुरू झाले. बहिणीने घरात घट बसवला, आणि पलीकडे माझी मोजदाद चालूच होती. दहांत सात दुधी, मग साडेसात. शेंड्याचे तुरे पुढे, खालच्या फांद्यांचे मागे, कारण त्यांना ऊन कमी. ज्वारीचा हुरडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. एकाच शेतात एक कणीस चिकात असते आणि दुसरे निबर झालेले.

वाईट बातमी

दसऱ्याला दोन दिवस उरले असताना रेडिओने सांगितले की उद्यापासून सलग पाऊस, आणि मागोमाग हिम.

त्या दुपारी मी बराच वेळ भिंग लावून उभा होतो. तीन झाडांच्या शेंड्यांवर दहांत आठ मणी दुधी होते, एक मधाचा, एक अजून काचेचा. खालच्या फांद्यांवर निम्मे कच्चे. चौथे झाड सर्वांत उंच, आजोबांचे लाडके. त्याच्या मधल्या तुऱ्यातून एक बारके पान वाळून बाहेर आले होते. आजूबाजूची पाने हिरवीगार, आणि हे एकच पान तपकिरी. मी ते हलकेच ओढले. ते देठापासून अलगद निघून आले, आणि त्याच्या मुळाशी राखेसारखा करडा थर दिसला.

आजोबा शेजारीच उभे होते. त्यांना ते दिसले नव्हते.

एक क्षण मनात आले, आत्ता कशाला सांगा? संध्याकाळी सांगू, बहिणीला मध्ये घालून सांगू. त्या झाडाला त्यांनी स्वतःच्या हाताने काठी बांधली होती. पण बुरशी बोलण्याची वाट पाहत नाही. ती एका तुऱ्यातून दुसऱ्यात जाते, आणि असला तुरा कोणी पोटात घेणे धोक्याचे. शिवाय झेला हाती घेतलेला तो दहा वर्षांचा मुलगा मला पुरता ठाऊक होता.

“आजोबा, मोठ्या झाडात बुरशी आली आहे,” मी म्हणालो. “मधल्या तुऱ्यात. कदाचित आणखी दोन ठिकाणी.”

ते काही बोलले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. मी ते पान त्यांच्या तळव्यावर ठेवले. त्यांनी ते बोटांनी चुरून पाहिले आणि वास घेतला.

“बाकीची?”

“शेंडे तयार आहेत. खालचे नाहीत. पण उद्या पाऊस.”

मला वाटले, आता ते ठरवतील. ते वळले आणि ओटीवर खुर्चीत बसलेल्या आजींकडे गेले. मी सांगितले ते सारे त्यांनी एकही शब्द न वगळता आजींना सांगितले, बुरशीसकट. मग म्हणाले, “घ्यायचे तुला आहे. तू सांग.”

आजींनी आकाशाकडे पाहिले, झाडांकडे पाहिले. म्हणाल्या, “शेंडे आज कापा. खालचे राहू द्या, जमले तर जमले. मोठे झाड पिशवीत भरून टाका. आणि अहो, त्याच्यासाठी हळहळू नका. मी अजून आहे.”

कट्

तिन्ही झाडांचे शेंडे आम्ही अंधार पडेपर्यंत उतरवले. मी कापायचे, भाच्याच्या वडिलांनी उजेड धरायचा, आजोबांनी मोजायचे. मुलाला आत ठेवले होते. हे काम त्याचे नव्हे, याबद्दल दोन्ही घरांचे एकमत होते. चिकट राळेने माझी बोटे काळी झाली, ती साबणाने निघेनात. चौथे झाड मुळापासून काढून तीन पिशव्यांत भरले. खालच्या फांद्यांवर बहिणीने जुन्या चादरी बांधून दिल्या. पावसाने त्या भिजल्या, हिमही पडले, तरी त्यातल्या निम्म्या फांद्या वाचल्या आणि आठवड्याने उतरवता आल्या.

शेंडे तळघरात, अंधारात, दोरीला उलटे टांगले. चौदा आण्यांचे उरलेले दोन आणे इथेही बाहेरच भरायचे असतात. ओले ठेवले तर बुरशी, घाईने वाळवले तर चव-गुण जातो. दहाव्या दिवशी आजोबांनी एक काडी वाकवली. ती वाकली नाही. ‘कट्’ असा आवाज करून तुटली. “आता बरणीत,” ते म्हणाले. या परीक्षेला डोळे लागत नव्हते, म्हणून तो आवाज ऐकताना ते लहान मुलासारखे हसले.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे वाचून कोणी कुंडी शोधायला उठू नये. आपल्या देशात ती वाट तुरुंगाकडे जाते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी हे झाड खेळणे नव्हे. वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूला त्याचा अपाय होतो, आणि काहींच्या मनाचा तोल कायमचा ढळवण्याचे सामर्थ्य त्यात आहे. आजोबांची बरणी कुलपात असे, आणि तिची किल्ली आजींच्या गळ्यात. मला तिथून मिळाले ते त्यांच्या भोपळ्याचे घारगे. अर्थात भोपळा त्यांचा, घारगे बहिणीचे!

मी परत आलो. दिवाळी झाली, सहामाहीचे पेपर तपासायला आले. नोव्हेंबरच्या शेवटी बहिणीचा फोन आला. आजोबांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली होती. पट्टी सुटल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी भिंग काढले, बरणीतला एक तुरा उजेडात धरला आणि बराच वेळ पाहत राहिले.

“काय म्हणाले?” मी विचारले.

“म्हणाले, आठ दुधी, एक मधाचा, एक काचेचा. पोद्दाराने बरोबर मोजले होते.”

“आणि आजी?”

“रात्री झोपतात. सकाळी आठला चहाला हजर असतात.” बहीण क्षणभर थांबली. “आणि दादा, आजोबांनी विचारले आहे, पुढच्या सप्टेंबरात तुला रजा मिळेल का?”

“आता त्यांना दिसते ना?”

“तेच मी म्हटले. तर म्हणाले, दिसते, पण विचारायला कोणी तरी हवे.”